पन्नास भोकांचा ठोकळा

ज्यांच्याकडून मी काडतुसे भरायला शिकलो, ते गृहस्थ एका संध्याकाळी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांमध्ये बंदुकीची दारू भरत असताना शेजारच्या खोलीतला फोन वाजला. त्यांनी तो उचलला नाही, जागचे उठलेही नाहीत. मान वर करून त्या दिशेला नुसते पाहिले, घंटा वाजून थांबली, आणि मग पुढ्यातल्या पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यावर एकवार नजर फिरवून त्यांनी एकेक पितळी पुंगळी उचलून तिच्यातील दारू परत डब्यात ओतायला सुरुवात केली. अर्ध्याहून अधिक ठोकळा भरून झालेला होता. मी विचारले, "कुठवर आलो होतो ते विसरलात का?" ते म्हणाले, "नाही, चांगले लक्षात आहे," आणि ओतत राहिले.

हे उत्तर मला बरेच दिवस टोचत राहिले. विसरलेला माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो हे समजण्यासारखे आहे. ज्याला सगळे आठवते आहे त्याने हातचे काम मोडून टाकावे, याला काय म्हणायचे ते कळेना. मुळातच भित्रा स्वभाव असेल म्हणावे, तर तसेही नव्हते. हाच माणूस शिसे वितळवून गोळ्या ओतायला बसला की अगदी सैलावलेला असे. गप्पा रंगत, मध्येच एखादी जुनी आठवण निघे, साच्यातून वाकडीतिकडी गोळी पडली तर तिच्याकडे पाहून हसत आणि चिमट्याने उचलून पुन्हा मुशीत टाकीत. एकाच छंदाच्या दोन भागांत एकाच माणसाचे दोन स्वभाव पाहायला मिळावेत याचे मला नवल वाटे, आणि त्या दोहोंतला खरा कोणता असेल, याचा मी उगाचच विचार करीत बसे.

गोळी ओतण्याचे काम दिसायला ओबडधोबड आहे. विजेवर तापणारी जाड बुडाची मूस, एक पळी, आणि लाकडी मुठींचा, पुस्तकासारखा उघडणारा, लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा दोन भागांचा साचा, एवढाच पसारा. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. धातूंच्या जगात हे तापमान काहीच नाही. तांब्याला एक हजाराच्या पुढे जावे लागते, लोखंडाला दीड हजाराच्याही पुढे. शिशाच्या लादीचे वितळणे पाहण्यासारखे असते. बराच वेळ काहीच घडत नाही, मग तिच्या बुडाशी ओलसर चमक येते, कडा खचतात, आणि लादी हळूहळू स्वतःच्याच रसात बुडते, कारण घट्ट शिसे वितळलेल्या शिशाहून जड असते. सगळे वितळले की क्षणभर तो पृष्ठभाग आरशासारखा लखलखतो आणि पाहता पाहता त्यावर करडा थर धरतो. त्यात मधमाश्यांच्या मेणाचा खडा टाकला की दाट पांढरा धूर उठतो, त्याला काडी लावली की पिवळी ज्योत मुशीवर नाचते, आणि तळापासून ढवळले की शिशात मिसळलेले, वर ऑक्साइड होऊन तरंगणारे कथील पुन्हा रसात उतरते. उरलेला काळा भुसा चमच्याने काढून टाकायचा. जळक्या मेणाचा तो वास कपड्यांना नंतरही येत राहतो. मला तो आवडतो, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात. तो फार तापला असेल तर गोळी दुधी, कापूर घासल्यासारखी दिसते. या दोन टोकांच्या मधली लय एकदा सापडली की हात आपोआप चालू लागतात. पळी टेकवायची, रस भोकातून आत जातो, वरच्या पट्टीवर एक जास्तीचा थेंब साठतो. तो थेंब आधी चकाकतो, मग मध्यभागी किंचित खचतो आणि त्याची चकाकी एका क्षणात मावळते. ती मावळल्यावर लाकडी दांड्याने पट्टीला टोला द्यायचा, थेंब कापला जातो, साचा उघडायचा, आणि घडी घातलेल्या कापडावर गोळी पडते. थंड शिसे आपटल्याचा आवाज बद्द असतो, पण साच्यातून नुकत्या पडलेल्या गोळीला तेवढाही आवाज नसतो. तिला लगेच हात लावायचा मोह होतो. ती इतकी गुळगुळीत आणि नवी दिसते की ती अजून दोनशे अंशांच्या आसपास आहे, हे डोळ्यांना पटत नाही.

मग निवड. नाकाशी बारीक खड्डा राहिला असेल तर एक वेळ चालून जाते, पण बुडाची कड मात्र चौफेर धारदार हवी, कारण नळीच्या तोंडातून गोळी बाहेर पडते त्या क्षणी तिच्या मागचा वायू बुडाच्या कडेवरून निसटतो, आणि ती कड एका बाजूला गोलसर असली तर वायू त्या बाजूने आधी सुटून गोळीला तिरपा धक्का देतो. नवशिका नेहमी नाक तपासतो, जाणता बूड पाहतो. टाकून द्यावे लागते असे इथे काहीच नाही. फसलेली गोळी, कापलेले थेंब, सगळे परत मुशीत जाते आणि पाच मिनिटांत त्याला पहिल्या चुकीची आठवणही राहात नाही.

शिशाइतका क्षमाशील धातू दुसरा नसेल.

मात्र निव्वळ शिसे फार मऊ असते. नखाने त्यावर ओरखडा उठतो, कागदावर ओढले तर करडी रेघ उमटते. ब्रिनेल मापाने त्याचा कठीणपणा जेमतेम ५ भरतो. वेगवान काडतुसात अशी मऊ गोळी घातली की ती नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या चरांना, धड पकडत नाही आणि मागे शिशाचे पापुद्रे सोडत जाते, जे नंतर ब्रशने खरवडताना हात भरून येतात. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळायचे. कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरतो, अँटिमनीमुळे कठीणपणा येतो. ९० भाग शिसे, ५ भाग कथील आणि ५ भाग अँटिमनी हे प्रमाण गोळ्या ओतणाऱ्यांमध्ये 'लायमन नंबर २' या नावाने जुने आणि मान्य आहे. त्याचा कठीणपणा १५ च्या घरात जातो. या बाबतीत ओतणाऱ्यांवर छापखान्यांचे मोठे उपकार आहेत. १८८६ साली आलेल्या, मजकुराची ओळच्या ओळ धातूत ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्रांत जो धातू वापरीत, त्यात साधारण ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असे, आणि तो शुद्ध शिशापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला, २४० अंशांच्या आसपास वितळे. अँटिमनीमुळे धातू थिजताना फारसा आकसत नाही, म्हणून अक्षराची कड स्वच्छ उठते. नेमक्या त्याच कारणाने गोळीची कडही स्वच्छ उठते. छापखान्यांनी ही यंत्रे मोडीत काढली तेव्हा त्यांतला बराच धातू गोळ्या ओतणाऱ्यांच्या मुशीत आला. अशी एक ओतीव ओळ मी वितळण्याआधी हातात घेतली होती. उलटी अक्षरे, अगदी बारीक, वाचायला आरसा लागेल अशी. ती मुशीत सोडताना मला जरा चोरट्यासारखे झाले, आणि मी ती सोडलीही.

मोटारींच्या चाकांचा तोल साधण्यासाठी लावलेली शिशाची वजने हा दुसरा जुना साठा. तोही आता आटत चालला आहे. युरोपीय संघाने २००५ मध्ये प्रवासी गाड्यांसाठी अशा वजनांवर बंदी घातली, आणि त्यांची जागा पोलादाने व जस्ताने घेतली. ढिगात एखादे जस्ताचे वजन लपलेले असेल आणि मूस जास्त तापलेली असेल, तर ते ४२० अंशांजवळ वितळून सगळा रस बिघडवते. तो रस मग घट्टसर होतो, साच्यात भरत नाही, गोळ्यांची अंगे तुटकी निघतात. आच बेताची ठेवली तर जस्त न वितळता वर तरंगते आणि उचलून बाजूला ठेवता येते. गाडीच्या बॅटरीतले शिसे मात्र कोणीही मुशीत घालू नये. त्यातल्या इतर धातूंपासून विषारी वायू निघू शकतात, आणि चार किलो शिशासाठी तो धोका पत्करण्यात शहाणपणा नाही.

या क्षमाशील धातूला एकच गोष्ट खपत नाही, ती म्हणजे पाणी. दमट लादी किंवा ओला चमचा रसाच्या खाली गेला की पाण्याची वाफ होते, तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते आणि वरचा सगळा रस छतापर्यंत उडतो. म्हणून नवी लादी आधी मुशीच्या काठावर टेकवून तापवायची, मगच आत सोडायची. चष्मा, जाड हातमोजे, लांब बाह्या, पायात कातडी बूट. एवढा एक नियम पाळला की बाकी सारे काम संथ, गप्पांना वाव देणारे. त्या गृहस्थांचा सैलपणा तिथे कुठून येत होता, हे मला इथे पहिल्यांदा उमगले. धोका कुठून येणार हे त्यांना ठाऊक होते, आणि तो एकाच दाराने येणार होता.

दारूचे तसे नाही. हा भाग, जिथे कायदा आणि परवाना मुभा देतात तिथेच करायचा असतो, हे उघड आहे. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून दारू काही समजूतदार होत नाही. वापरलेल्या पुंगळीतून जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टिकली, काढायचा, पुंगळी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मूळ मापावर आणायची, नवा प्रायमर बसवायचा, तोंड किंचित पसरवायचे म्हणजे मऊ शिसे खरवडले जाणार नाही, दारू मोजून ओतायची, गोळी बसवायची आणि तोंड पुन्हा आवळायचे. एका ओळीत मावणारी ही कृती आहे. प्रायमरच्या बाबतीत एक गंमत आहे. पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असणारी, म्हणजे पुन्हा भरायला सोपी असणारी रचना बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची, आणि दोन बारीक भोके असणारी, प्रायमर काढताना जीव नकोसा करणारी रचना बर्डन या अमेरिकन माणसाची. पुढे अमेरिकेने इंग्रजाची रचना उचलली आणि युरोपात अमेरिकनाची रुजली. हौशी भरणाऱ्यांची परंपरा अमेरिकेत इतकी फोफावली, त्यामागे या अदलाबदलीचा हात नक्कीच असणार, असे मला वाटते.

खरी गोम दारूच्या मापात आहे. पिस्तुलाच्या काडतुसात दारू ग्रेनमध्ये मोजतात, आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. तराजूवर तिचा दशांशसुद्धा पाहावा लागतो. पॉइंट ३८ स्पेशलसारख्या काडतुसाची पुंगळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूसाठी घडवली गेली; ती दारू पुष्कळ लागे, म्हणून पुंगळी लांब. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ साली धूरविरहित दारू सिद्ध केली, आणि तिच्यातली शक्ती इतकी एकवटलेली होती की पुढे त्याच पुंगळीत दारूचा चिमूटभर थर पुरू लागला. उरलेली जागा रिकामी. ती रिकामी जागाच घातक आहे, कारण तिच्यात दुसरे माप सहज मावते, आणि गोळी वर बसली की बाहेरून दोन्ही काडतुसे हुबेहूब सारखी दिसतात. दोनदा भरलेल्या काडतुसाचा दाब पिस्तुलाला पेलत नाही. उलट एखादी पुंगळी रिकामी राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, आवाज फुसका होतो, आणि नेमबाजाने तो फुसका आवाज ओळखून हात थांबवला नाही तर पुढची गोळी मागून येऊन आदळते.

आणि इथे मुशीसारखे परत टाकणे नाही.

या एका गोष्टीभोवती त्यांच्या टेबलाची सगळी मांडणी रचलेली होती. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसऱ्या जातीचा डबा कपाटाबाहेर येणारच नाही. रिकाम्या पुंगळ्या ठोकळ्यात तोंड खाली करून उभ्या, आणि दारू पडली की तोंड वर, म्हणजे कोणती भरली आणि कोणती नाही हे आठवावे लागू नये, दिसावे. ठोकळा पूर्ण भरला की त्यावर टेबलदिवा तिरपा धरून पन्नासही भोकांत वाकून पाहायचे. दारूची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, आणि एखादीत जरी ती वर-खाली वाटली तरी ती पुंगळी तराजूवर. वहीत तारीख, मिश्रधातू, गोळीचे वजन, दारूची जात आणि माप. छापील कोष्टकात दिलेल्या कमाल मापाकडे ते ढुंकूनही पाहात नसत. खालच्या मापापासून सुरुवात, आणि बहुतेक वेळा तिथेच मुक्काम. मी सुरुवातीला हे सारे कर्मकांड समजत होतो. हळूहळू ध्यानात आले की यातली प्रत्येक युक्ती त्यांनी स्वतःविरुद्ध योजलेली होती. हात सरावला की मन दुसरीकडे जाते आणि 'मी पाहिले' अशी खात्री मात्र मागे ठेवून जाते. ती खात्री खऱ्या पाहण्याहून वेगळी ओळखता येत नाही, कारण आतून दोन्ही अगदी एकसारख्याच वाटतात. फोन वाजला तेव्हा त्यांना सगळे लक्षात होते, याबद्दल मला आजही शंका नाही. त्या लक्षात असण्याला पुरावा म्हणून उभे करायला ते तयार नव्हते, इतकेच.

याच कारणाने ते दांडा एकदा ओढला की एकच काम करणारा साधा प्रेस वापरीत. हल्ली प्रत्येक ओढीला एक पूर्ण काडतूस बाहेर टाकणारे यंत्र मिळते, तासाला शेकडो होतात, आणि ज्याला दर आठवड्याला सराव करायचा आहे त्याला ते लागतेच. मी ते वापरून पाहिले आहे. यंत्र चोख आहे, दारूची पातळी चुकली तर वाजणारी घंटीही त्याला बसवता येते. पण तिथे माणूस पुंगळीकडे न पाहता घंटी वाजत नाही याकडे कान देऊन बसतो, आणि हा बदल मला मानवला नाही. हा माझा हट्ट असेल. माझ्याहून चांगले नेमबाज ते यंत्र वर्षानुवर्षे सुखाने वापरीत आहेत.

या छंदाबद्दल माझे मन अजूनही एकसंध नाही. साच्यातून पडलेली गोळी सुंदर असते, आणि ती कशासाठी आहे हे विसरून तिच्याकडे पाहण्याची सवय मला लागली आहे. आम्ही कागदावर नेम धरतो, ही सबब खरी आहे. पण त्या वस्तूचा इतिहास कागदाचा नाही, हेही तितकेच खरे. शिवाय शिसे जमिनीत, पाण्यात आणि पाखरांच्या पोटात जाते. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडे शिकारीतल्या शिशाने मरू लागली, तेव्हा तिथे २०१३ साली कायदा झाला आणि जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. मला तो कायदा योग्य वाटतो. आणि रविवारी मी मूस तापत ठेवतो.

शिशाला मी क्षमाशील म्हटले खरे, पण ते हाताच्या चुकांपुरते. शरीराच्या बाबतीत ते काहीच सोडत नाही. रक्तात आलेल्या शिशाचे प्रमाण महिन्याभरात अर्ध्यावर येते, मात्र त्यातले बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे कोणालाच सांगता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा घाव सर्वांत खोल. म्हणून ओतताना खिडक्या उघड्या, जवळ खाणेपिणे नाही, कपडे वेगळे धुवायचे, घरातल्या मुलांना त्या खोलीत मज्जाव, आणि दरवर्षी रक्ताची तपासणी. एका वर्षी त्या गृहस्थांचा आकडा चढला. साहजिकच सगळ्यांचे बोट मुशीकडे गेले. त्यांनी ओतणे थांबवले, खिडकीत मोठा पंखा बसवला, तरी पुढच्या तपासणीत आकडा म्हणावा तसा उतरेना. तापमापक लावून पाहिले तर मूस चारशे अंशांच्या वर कधी जातच नव्हती, आणि एवढ्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते.

अखेरीस उगम सापडला तो टम्बलरमध्ये. वापरलेल्या पुंगळ्या चकचकीत करण्यासाठी ते अक्रोडाच्या कवचांच्या भरड्यात तासन् तास घोळवीत, आणि नंतर तो भरडा मोकळ्या हवेत चाळणीने चाळीत. प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते. चाप ओढल्यावर त्याची काजळी पुंगळीत उरते, घोळताना ती भरड्यात उतरते आणि चाळताना बारीक धूळ होऊन सरळ नाकात जाते. रसरशीत मुशीसमोर चष्मा लावून, हातमोजे घालून बसणारा माणूस ही धूळ वर्षानुवर्षे उघड्या नाकाने घेत होता, कारण ते काम पूर्वतयारीचे, वरकड, दारूच्या टेबलापासून दूर चालणारे. आता पुंगळ्या पोलादी सुयांसकट साबणाच्या पाण्यात फिरतात. पाणी काळेकुट्ट निघते, ते वेगळ्या डब्यात साठवून घातक कचऱ्यात द्यावे लागते, आणि पुंगळ्या आतून पुरत्या सुकायला दोन दिवस जातात. त्या दोन दिवसांबद्दल ते अजून कुरकुरतात.